राहिलेल्या पाळीचं पाणी

बसऱ्याहून वर, नदी सोडून चार कोस आत, आमच्या पलटणीचं पोस्टिंग झालं. जर्मन लढाई सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. इकडे कोल्हापुरात जुन्या महाराजांचं राज्य, तिकडे आमच्यावर इंग्रजाचा हुकूम, आणि समोर तुर्क. मी तेव्हा साधा शिपाई. काम सिग्नलरचं, म्हणजे झेंड्यांनी निरोप द्यायचा आणि आलेला वाचायचा. पुढे हवालदार होऊन पेन्शनीत आलो.

हे लिहायला लावलं आमच्या गावच्या मास्तरांनी. म्हणाले, "हवालदार, मुलांसाठी लिहून द्या. लढाया किती प्रकारच्या असतात, माणसं का लढतात आणि शांतता टिकते कशी." मी म्हटलं, मास्तर, असलं सगळं तुमच्या पुस्तकात असणार. मला एक दिवस नीट ठाऊक आहे, तेवढा लिहितो. उत्तरं त्यात सापडली तर घ्या, नाहीतर चूल पेटवायला कागद होईल.

त्या दिवसाआधी गावचं सांगितलं पाहिजे.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. ओढ्यावर बांध घातलेला, त्यातून एक पाट निघतो आणि सगळी शेतं त्या पाटावर. महाराजांनी तिकडे भोगावतीवर धरण बांधायला काढलं होतं, पण आमच्या ओढ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. पाणी थोडं, म्हणून पाळ्या लावलेल्या. आज वरली आळी, उद्या खालची आळी. आम्ही वरल्या आळीचे चौगुले, खालच्या आळीचेही चौगुलेच. तीन पिढ्या मागे गेलं की पणजा एकच निघतो. पण पाण्यापुढे पणजाला कोण विचारतो? दरसाल पहिली पाळी कुणाची यावर शिव्या, आणि कधी कधी काठ्या.

मी भरती व्हायच्या आदल्या साली, माघ महिन्यात, आमची पाळी असताना खालच्या आळीच्या एकानं पाट फोडून पाणी आपल्या शेतात घेतलं. माझा बाप फावडं घेऊन गेला. तिथं काठी बसली आणि उजवा हात कोपरात मोडला. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. त्या दिवसापासून दोन्ही आळ्यांचं पाणी तुटलं. पाणी तुटलं म्हणजे एकमेकांच्या हातचं पाणी प्यायचं नाही. मग लग्नाला जाणं नाही आणि मयतालाही नाही. मी बापाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती, की जीव गेला तरी त्या घरचं पाणी पिणार नाही.

काठी मारणाऱ्याचा सख्खा पुतण्या धोंडी. कोल्हापुरात भरतीच्या रांगेत छाती मोजायला उभा राहिलो, तर माझ्यापुढे तोच. त्यानं मागे वळून बघितलं आणि थुंकला. मीही थुंकलो. साहेबानं कागदावर एकाच गावचं नाव दोनदा वाचलं, खूश झाला आणि दोघांना एका सेक्शनमध्ये टाकलं. साहेबाच्या लेखी एका गावचे म्हणजे दोस्त.

सेक्शन होता नाईक दस्तगीर मुलाणीचा. हा कागलकडचा. उंच, किडकिडीत, तोंडानं फटकळ, पण माणूस सोन्याचा. समोर तुर्क, म्हणजे त्याच्याच धर्माचे. एकदा नमाज झाल्यावर मला म्हणाला, "माजी पंचाईत बघ, चौगुले. गावात मावळतीला तोंड करायचो, हितं दिशा बदलली. आन ज्येच्यावर बंदूक धरायची त्योबी त्याच दिशेला तोंड करून बसतोय." मी विचारलं, मग कशाला आलास? म्हणाला, "घरात चार भाऊ, शेत एक. तू कशाला आलास?" माझं उत्तर काही वेगळं नव्हतं.

आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही हे त्याला आठ दिवसांत कळलं. कारण कळल्यावर तो हसत सुटला. "समुद्र वलांडून आलायसा, आन भांडान बरुबर आणलंय? किटमदी बसलं कसं रं?"

आता तो दिवस. उन्हाळा होता. आमच्या आठ जणांना कंपनीपुढे बाराशे पावलांवर पिकेटची, म्हणजे पुढच्या चौकीची ड्यूटी होती. जागा म्हणजे एक जुना, कोरडा पडलेला पाट. दोन्ही काठ छातीभर उंच. मुलूख कुठलाही असो, पाट ओळखू येतो. या पाटाच्याही पाळ्या कधीतरी कुणीतरी लावल्या असतील, असं मनात आलं. पहाटे साडेचारला स्टँड टू, म्हणजे बंदुका घेऊन तयार राहायचं. सहाला चहा. सातला खेचर पाण्याची पखाल टाकून गेलं. माणशी एक बाटली दिवसभराला, आणि पखालीतलं पाणी नाईकाच्या हुकमानं, एका मगानं, मोजून. दहाला ऊन असं की बंदुकीच्या नळीला हात लावता येईना.

साडेअकराला वादळ आलं. आमच्याकडे वळवाचं येतं, तासाभरात आभाळ मोकळं. तिथलं धुळीचं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. डोळ्यांवर फडकी बांधून आम्ही पाटाच्या तळाशी बसलो. काठावर संत्री, म्हणजे पहारेकरी, म्हणून धोंडी.

संत्र्याचा नियम सोपा. कुणी दिसलं की ओरडायचं, "हुकुमदार!" हा साहेबाच्या ‘हू कम्स देअर’चा आमच्या तोंडी झालेला अवतार. उत्तर आलं नाही तर फायर. सवा बाराला काठावरून धोंडीचा आवाज आला. पण तो हुकुमदार म्हणाला नाही. गावच्या शिवेवर उभा राहून ओरडावं तसा ओरडला,

"कोण हाय त्ये? कुठलं पावणं?"

आमच्याकडे अनोळखी माणूस म्हणजे पावणा, मग तो कुणी का असेना. दस्तगीर ताडकन उठला. आम्ही संगिनी लावून काठावर गेलो. धुळीतून तीन तुर्क आले. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, एक तरणा, आणि दोघांनी ब्लँकेटमध्ये धरून आणलेला तिसरा. त्याची मांडी फाटलेली. ते वादळात वाट चुकले होते आणि हा काठ आपलाच समजून आले होते. आवाज ऐकून ते थांबले. गोळी येईल म्हणून म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. ती आली नाही तेव्हा त्यानं एक डोळा उघडला.

"बंदुका खाली!" दस्तगीर ओरडला, मग तेच मोडक्या अरबीत म्हणाला आणि हातानं दाखवलं. त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. मग तो धोंडीकडे वळला.

"पलटणीत दोन वर्सं झाली न्हवं तुला? हुकुमदार म्हणाय येत न्हाय?"

"तोंडात धूळ गेल्ती, नाईक. जे आलं त्ये बोललो."

"त्यानं फायर केला असता तर?"

"न्हाय केला की."

दस्तगीरनं तुर्कांच्या बंदुका पायानं बाजूला सारल्या. मग पखालीकडे बोट केलं. "पावणं म्हणून बसलायस न्हवं? घाल मग पाणी."

पखालीत फार नव्हतंच. आठांचं पाणी अकरांत गेलं. धोंडीनं किटमधून गावाहून आलेला गूळ काढला. तीन महिन्यांचा, दगड झालेला. संगिनीच्या मुठीनं फोडला आणि खडे तिघा तुर्कांच्या हातावर ठेवले. पावण्याला गूळ-पाणी, दुसरं काय. म्हाताऱ्यानं आधी हुंगला, मग जिभेवर ठेवला आणि काहीतरी बोलला.

"ग्वाड लागलं म्हणतोय," धोंडी म्हणाला.

"तुला त्यांची बोली कळती?" दस्तगीरनं विचारलं.

"ग्वाड लागल्यावर माणूस दुसरं काय म्हणतंय?"

वादळ थांबेना. आम्ही अकरा जण एका पाटात गुडघ्याला गुडघा लावून बसलो. दस्तगीरचं मोडकं अरबी आणि म्हाताऱ्याचं मोडकं अरबी यांची गाठ पडली. म्हाताऱ्यानं दोन्ही मुठी पुढे धरून नांगर दाखवला. मग तीन बोटं, म्हणजे लेकरं. मग एक बोट मोडलं. आम्हाला कळलं. दस्तगीरनं विचारलं, तुम्ही का लढता? म्हाताऱ्यानं आभाळाकडे बोट केलं, मग कमरेच्या पट्ट्याच्या बकलाकडे, आणि हात झटकले. वरून हुकूम आला, एवढंच. आमच्याही पट्ट्याला बक्कल होतं.

दीडच्या सुमाराला दस्तगीरनं पाण्याची दुसरी फेरी लावली. पहिल्या फेरीत मग माझ्याकडे म्हाताऱ्याच्या हातून आला होता आणि मी तो तसाच तोंडाला लावला होता. गावात असतो तर विटाळ मानला असता. या फेरीला तो मग धोंडीच्या हातून आला. त्यानं स्वतः पिऊन, मगात माझा वाटा ठेवून, तो माझ्यापुढे धरला.

जीभ टाळूला चिकटली होती. मी तोंड फिरवलं.

दस्तगीर ओरडला, "घे की! तुर्काचा उष्टा चालतोय आन भावकीचा न्हाय?"

"न्हाय चालत."

धोंडीचा हात तसाच राहिला. मग त्यानं ते पाणी सांडू न देता आपल्या बाटलीत ओतलं आणि बूच लावलं. मला वाटलं, स्वतःसाठी ठेवलं. मनात म्हटलंसुद्धा, शेवटी खालच्या आळीचाच, दुसऱ्याची पाळी मारणारा. माझं मन तेव्हा एवढंच होतं, ते लपवत नाही.

अडीचला धूळ बसली. मी झेंडे काढून कंपनीला निरोप दिला. "तीन प्रिझनर. एक जखमी."

उत्तर आलं, "फायरिंग ऐकू आलं नाही. कसे पकडले?"

मी नाईकाकडे बघितलं. पावणं हा शब्द झेंड्यांनी कसा सांगायचा?

"सांग, संत्र्यानं हटकलं, थांबलं," दस्तगीर म्हणाला. "खोटं न्हाय त्ये."

मग हुकूम आला. "पिकेट मागे घ्या. प्रिझनर घेऊन या. चारच्या आत."

बाराशे पावलं उघडं मैदान. जखमी तुर्काला ब्लँकेटमध्ये घेतलं. पुढची दोन टोकं त्यांच्या दोघांनी धरली, मागची दोन मी आणि धोंडीनं. दोन वर्षांत आम्ही पहिल्यांदा एक ओझं मिळून उचललं. पाय जुळेनात, तेव्हा धोंडी हळूच म्हणू लागला, "लेफ्ट, राइट. लेफ्ट, राइट." मीही म्हणू लागलो. पाचशे पावलं झाली असतील, पाठीमागून गोळ्या आल्या. तीन की चार. त्यांच्या बाजूच्या कुणी लांबून हालचाल बघून झाडल्या असतील. कुणाच्या, ते कधीच कळलं नाही. ज्यानं झाडली त्याला धोंडी कोण हे ठाऊक नव्हतं, आणि आपलाच जखमी भाऊ त्या ब्लँकेटमध्ये आहे हेही.

धोंडी बसला. नुसता खाली बसला, पाय दुखल्यावर माणूस बसतो तसा. गोळी पाठीतून छातीत गेली होती. सुटलेलं टोक दुसऱ्या एका शिपायानं धरलं. दस्तगीरनं आणि मी धोंडीला ओढून एका खळग्यात घेतलं. फील्ड ड्रेसिंगची पट्टी बांधली, ती भिजली. दुसरी बांधली.

"चौगुले," धोंडी म्हणाला. दोन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. "बाटली काढ माजी."

मी काढली. अर्धी होती.

"तुजी दुपारची पाळी ऱ्हायली ती. म्या हात लावला न्हाय. पी."

"आदी तू पी."

"पाळी तुजी हाय. मोडू ने पाळी."

मी प्यालो. मग त्याला पाजलं, थोडं आत गेलं आणि बरंचसं बाहेर आलं. त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही. दस्तगीरनं घड्याळ बघितलं. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी तिथं रडलो. लढाईत रडणं शिस्तीत बसत नाही, पण नाईकानं तोंड दुसरीकडे करून मला वेळ दिला.

धोंडीला खांद्यावर घेऊन, चारला पाच कमी असताना आम्ही कॅम्पात पोचलो. जखमी तुर्काला डॉक्टरकडे दिलं, त्याचा पाय वाचला. म्हाताऱ्याला प्रिझनरांच्या तळाकडे नेत होते, तो थांबला आणि धोंडीजवळ येऊन त्यानं दोन्ही हात पसरले. शेजारी दस्तगीरनंही पसरले. दोघं काय म्हणाले ते मला कळलं नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दस्तगीर तापानं गेला. ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असा एक माणूस होता, तोही तिकडेच राहिला.

लढाई संपली. कोल्हापूरला उतरलो, टांगा केला आणि गावात शिरलो. शिपाई परत आला की आधी आपल्या घरी जातो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, मग आत घेतात. मी सरळ खालच्या आळीला गेलो. आळीतली माणसं ओट्यांवर उभी राहिली. तानुकाकी, म्हणजे धोंडीची आई, दारातच जोंधळे पाखडत होती. सरकारचा कागद तिला पूर्वीच आला होता.

"काय पायजे?" तिनं वर न बघता विचारलं.

"पाणी पायजे, काकी."

सूप थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "त्यो तान्हेला गेला काय रं?"

"तान्हेला न्हाय, काकी. पर आदी मला पाजलं त्येनं." आणि धोंडीची ती बाटली मी तिच्यापुढे ठेवली.

ती आत गेली. तांब्या घेऊन आली आणि हातावर गुळाचा खडा.

"गूळ कशाला? मी काय पावणा हाय?"

"इतक्या वर्सांनी ह्या दारात आलास. पावणाच की," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली. मी तिच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यालो. सगळी आळी बघत होती.

माझ्या पायाआधी बातमी घरी पोचली होती. बाप सोप्यात बसला होता, वाकडा हात मांडीवर.

"पाणी पिऊन आलास म्हणं त्यांच्यात."

"व्हय."

"माजा हात सरळ झाला काय त्यानं?"

"न्हाय झाला."

"मग कशाला?"

"दुसऱ्या कुणाचा मोडू ने म्हणून."

बाप सहा महिने माझ्याशी बोलला नाही. माघात पाळ्या लागल्या. त्या वर्षी पहिली पाळी आमच्या आळीची होती. मी पंचांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, ही पाळी आम्हालाही नको आणि खालच्या आळीलाही नको. पाटाच्या शेपटाला जी शेतं आहेत, ज्यांच्यापर्यंत आमच्या भांडणात पाणी कधी पोचतच नाही, त्यांना धोंडीच्या नावानं द्या. आमच्या आळीचे मला खुळा म्हणाले. खालच्या आळीचे गप्प राहिले, कारण नाव त्यांच्या पोराचं होतं. पाणी सोडायला बांधावर गेलो, तर समोरून बाप काठी घेऊन आलेला. मी फावडं खाली ठेवलं. तो पाटाच्या कडेनं चालत गेला, एका जागी काठी टेकली आणि म्हणाला, "हितं गळतंय. माती टाक." मी माती टाकली. खालच्या आळीच्या एकानं वरून पाय देऊन दाबली.

मास्तर, आता तुमचे प्रश्न. मी बघितल्या त्या लढाया दोनच प्रकारच्या. एकीत समोरच्याचं नाव ठाऊक असतं, दुसरीत नसतं. नाव ठाऊक असलेल्यात राग फार असतो आणि माणसं कमी मरतात. नाव ठाऊक नसलेल्यात राग नसतोच, आणि मुडदे मोजायला कारकून लागतात. का लढतात म्हणाल, तर थोडं पाणी, थोडी जमीन, बापाची शपथ, वरचा हुकूम. आणि शांतता एकदा केली म्हणून टिकत नाही. ती पाटासारखी आहे. दरसाल गाळ काढावा लागतो, गळती बघून माती टाकावी लागते, आणि ते दोन्ही आळ्यांनी मिळून करावं लागतं. आमच्याकडे भांडणं आजही होतात, शिव्या तर काही विचारू नका. पण त्या दिवसापासून आजवर, पंचवीस वर्षांवर झाली, पाटावर काठी उठलेली नाही.

आज बाप नाही, तानुकाकी नाही. तानुकाकीनं दिलेली धोंडीची बाटली पंचांकडे असते, तिच्यावरचं कापड केव्हाच कुजून गेलं. माघात पहिल्या दिवशी दोन्ही आळ्यांची माणसं बांधावर जमतात. बाटलीतलं पाणी दोन्हीकडचा एकेक जण पितो. एक घोट मी नाईक दस्तगीर मुलाणीच्या नावानं मातीत सोडतो. त्याची कबर मला सापडायची नाही, पण आता दोन्ही आळ्या एकमेकांचं पाणी पितात हे त्याला कळावं. त्या तिघा तुर्कांसाठीही मनातल्या मनात एक घोट असतो. त्यांची नावं विचारायची राहिली, याची हळहळ अजून जात नाही.

मग पंच दरसालचं विचारतात, आणि समोरची पोरं, ज्यांनी धोंडीला कधी बघितलेलं नाही, दोन्ही आळ्यांतून एकदम ओरडतात.

"पयली पाळी कुणाची?"

"धोंडीची!"

"मग सोडा पाणी."